घास अडकल्यानंतरच्या दुपारी

आई, तू नर्स होतीस, म्हणून हे तुलाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते लगेच उपाय सांगायला लागतात. तू आधी चपला काढल्या असत्यास, हात धुतले असतेस आणि मग विचारलं असतंस, "कधीपासून?" जुलैपासून, आई. तुझी नात जुलैपासून घास गिळेना. तू तिला पाहिलेलं नाहीस. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, लग्न आणि मूल या गोष्टी फार लांब होत्या. ती आता सात वर्षांची आहे, इथं गाझियाबादलाच शाळेत दुसरीत जाते, आणि रागावली की तुझ्यासारखा खालचा ओठ आत घेते. या पावसाळ्यात माझ्या फ्रिजमध्ये इतकी फळं होती की दार लावताना गुडघा टेकवावा लागायचा, आणि माझी मुलगी उपाशी होती.

घडलं ते एवढंच. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. मधल्या सुट्टीत डब्यातलं सफरचंद खाताना ती मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली आणि फोड घशात अडकली. तिच्या टीचरनं तिला पुढे वाकवून पाठीवर जोरात थापा मारल्या, फोड बाहेर पडली. मला फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. "घबराइए मत मैम, निकल गया, बिल्कुल ठीक है, देखिए खेल रही है." मागे मुलांचा गलका ऐकू येत होता, त्यामुळे मलाही वाटलं, झालं, सुटलो. तरी मी लवकर घरी आले; दुपारी ती बसमधून उतरली तेव्हा तिचे डोळे फक्त जरा सुजलेले होते. दप्तर माझ्या हातात देत ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, आज मी मरणार होते, पता है?" मी हसले. म्हटलं, "असं काही नसतं गं, सफरचंदानं कुणी मरत नाही." तिनं माझ्याकडे बघितलं आणि लिफ्टकडे चालायला लागली.

त्या रात्री तिनं पोळी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी भात खाल्ला, पण एकेक शीत बोटानं वेगळं करून. मग वरणातले जिरे नको झाले, मग वरणच नको. ऑगस्ट लागेपर्यंत ती दूध, ताक आणि गाळलेलं वरणाचं पाणी यावर आली होती. तोंडाशी काही नेलं की म्हणायची, "आई, फसेल." मराठीत ते 'अडकेल' असं म्हणायचं असतं, हे मी तिला सांगितलं नाही. हिंदीत शाळेत ऐकलेलं तिनं आपल्या भाषेत आणलं होतं, आणि मला मात्र तो शब्द आपल्याच अर्थानं ऐकू यायचा. फसेल. माझा प्रत्येक डाव फसत होता. तुझ्या माहेरच्या नागपुरी मराठीतले तर कितीक शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. ते सोड, साधं शिकरण म्हणजे काय हेही तिला माहीत नव्हतं. तिच्या लेखी ते 'बनाना मॅश'.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं. "गला एकदम साफ है," म्हणाले. "डर बैठ गया है बस." मुलांच्या मनाच्या ज्या डॉक्टरकडे त्यांनी पाठवलं त्या बाई भल्या होत्या. जबरदस्ती करू नका, रोज थोडं थोडं समोर ठेवा, मऊ पदार्थांपासून सुरुवात करा, जेवणाच्या वेळी हसतखेळत राहा, असं त्यांनी सांगितलं. शाळेतून आल्यावर मुलांना सगळ्यात जास्त भूक असते, तेव्हा फळांचं काहीतरी पटकन करून द्या, रंगीत, गोड, सोपं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी रिक्षातच मोबाइल उघडला. आई, तुझ्या काळी हे नव्हतं. शाळेतून येणाऱ्या मुलांना पाच मिनिटांत फळांचं काय काय करून देता येतं याचे व्हिडिओ बघत बसलं तर जन्म पुरणार नाही. बायका हसत हसत टरबुजाच्या चांदण्या कापतात. केळ्याला काडी खोचून दह्यात बुडवतात आणि गोठवतात. सफरचंदाच्या चकतीवर मनुकांचे डोळे लावतात. सफरचंद आलं की मी व्हिडिओ पुढे ढकलायची.

मी ऑफिसला सांगून दुपारनंतर घरून काम करायला लागले. बस अडीचच्या सुमारास सोसायटीच्या गेटशी येते. त्याआधी माझा ओटा भरलेला असायचा. दशहरी आंब्याचा रस काढून, त्यात दही घालून, फेटून, वाटीत गोठवायचा. खजूर भिजवून चिकूबरोबर दुधात फिरवायचे. पपईत लिंबू पिळायचं म्हणजे तिचा तो उग्र वास जातो. नाशपाती वाफवून कुस्करायची, वर दालचिनीची चिमूट. हे सगळं खरंच पटकन होतं, आई, व्हिडिओवाल्या बायका खोटं बोलत नाहीत. करायला वेळ लागत नाही. मी ते चहाच्या गाळण्यातून गाळायची, मग पुन्हा गाळायची, चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून. ती बसमधून उतरायची, हातपाय धुवायची, खुर्चीवर चढायची आणि वाटीत बोट घालून चाचपून बघायची. गुठळी लागते का हे बघायची. नाही लागली तरी चमचा ओठांपर्यंत न्यायची आणि थांबायची. "आई, फसेल." मी म्हणायची, "बाळा, हे तर पाणीच आहे जवळजवळ." ती मान हलवायची. तिला भूक लागलेली असायची, ते मला दिसायचं. आंब्याच्या वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते पाणीसुद्धा ती जपून, डोळे मिटून गिळायची. मग दूध पिऊन ती उठायची. उरलेलं सगळं संध्याकाळी मी खायची, मला त्या दोन महिन्यांत पपईचा तिटकारा आला.

तेव्हा मी तुला आठवायला लागले. मायेनं वगैरे नाही, खरं सांगते. कपाट उपसावं तशी मी तुला उपसत होते, त्यात एखादं औषध सापडेल म्हणून. तू मुलांच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलीस. न खाणारी, न बोलणारी, घाबरलेली मुलं तू रोज बघत असणार. तू काय करायचीस? काय म्हणायचीस त्यांना? मला काही आठवेना. आठवलं ते असं: दिल्लीतलं, तिमारपूरचं आपलं सरकारी क्वार्टर, त्याचा तो गेरूच्या रंगाचा जिना, आणि सकाळची ड्यूटी संपवून रिजच्या टेकडीवरून उतरून येणारी तू, हातात कापडी पिशवी. पिशवीत हॉस्पिटलच्या गेटबाहेरच्या गाड्यांवरची फळं. पेशंटना भेटायला येणारे लोक फळं घेतात म्हणून तिथं कायम गाड्या असायच्या, आणि तू घरी येताना त्यांच्याकडे जे उरलेलं असेल ते घेऊन यायचीस. काळे ठिपके पडलेली केळी. एका बाजूनं मऊ झालेली पपई. तू ताटलीत केळी कुस्करायचीस, दूध-साखर घालायचीस, ताटली माझ्यापुढे सरकवायचीस आणि स्वतः चटईवर आडवी व्हायचीस, सुजलेले पाय ट्रंकेवर ठेवून, तोंड भिंतीकडे. घरात फिनेलचा वास भरून जायचा. यातलं काय घेऊ मी? याचा मला काय उपयोग होता?

एकदा शाळा लवकर सुटली म्हणून बाबांनी मला तुझ्या वॉर्डात आणून सोडलं होतं. ड्यूटीरूममध्ये एका उंच स्टुलावर मी बसले आहे. तू संत्रं सोलतेस. नागपूरच्या मामांनी कुणाबरोबर तरी पाठवलेल्या पेटीतलं ते. ती अख्खी पेटी तू वॉर्डात वाटून टाकली होतीस आणि घरी फार थोडी आणली होतीस, त्याचा मला राग आहे. तू प्रत्येक फोडीचे धागे काढतेस, बी काढतेस, फोड माझ्या हातावर ठेवतेस, आणि सालं एप्रनच्या खिशात घालतेस. "सालं कशाला?" मी विचारते. "वॉर्डात वास येतो ना, मग मध्ये मध्ये खिशात हात घालायचा," तू म्हणतेस आणि हात नाकाशी धरून दाखवतेस. बाहेर एक मूल रडायला लागतं, कुणीतरी "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारतं आणि तू जातेस. बस्स. दिवसचे दिवस मी हेच आठवत बसले की बाहेर गेल्यावर तू त्या मुलाला काय म्हणालीस. मी दारातून बघायला हवं होतं. मी संत्रं खात बसले.

आणि ती पपईची दुपार. मी पाचवीत होते. वर्गातली मुलं शाळेतून घरी गेल्यावर पॅटीस खायची, क्रीमरोल खायची, आणि माझ्यापुढे रोज ही पपई. मी वाटी ढकलून दिली. म्हटलं, "हे पेशंटचं खाणं आहे. मला नको." तू चटईवरून उठून बसलीस. मला वाटलं, मारणार. तू वाटी उचललीस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हे गिळता येत नाही अशा पेशंटला जाऊन विचार, एक फोड गिळता यावी म्हणून तो काय देईल." आणि वाटी झाकून ठेवलीस. रात्रीच्या जेवणापर्यंत मला काही मिळालं नाही. आई, ऑगस्टमध्ये मी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं, भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये. मी काय देईन, हे मला आता नीट सांगता आलं असतं. कुणी विचारत नव्हतं. मला तुझा भयंकर राग आला. एवढं नेमकं बोलून ठेवलंस, आणि पुढचं सांगायला थांबली नाहीस.

ऑगस्टच्या शेवटी तिच्या शाळेचा स्कर्ट कमरेवर राहीना. माझा नवरा पुण्याचा, गुडगावला नोकरीला. सकाळी लवकर जातो, रात्री येतो, त्यामुळे दुपारचं हे युद्ध त्यानं पाहिलेलं नव्हतं. एका रविवारी त्याच्यासमोर सगळं झालं, वाटी, बोट, "फसेल", दूध. तो चिडला. "दोन दिवस काही देऊच नकोस तिला. दूधसुद्धा नको. भूक लागली की झक मारत खाईल. लहानपणी आम्हाला कोण विचारायचं?"

"आणि नाही खाल्लं तर?" मी म्हटलं.

"खाईल गं."

"आणि नाही खाल्लं तर?"

तो उठून आत गेला. थोड्या वेळानं मी खोलीत गेले तर तो पलंगावर बसून तिच्या स्कर्टच्या पट्ट्याला चुण्या घालून सेफ्टी पिन लावत होता. पिन बाहेर टोचू नये म्हणून आतून कापडाचा तुकडा लावायचा प्रयत्न चालला होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. मी त्याच्या हातातून स्कर्ट घेतला नाही. दारातूनच परत फिरले.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल गं, मीठ-मोहरी ओवाळून टाक." आपल्या घरात असलं कधी कुणी केलं नाही. सकाळी बुद्धवंदना म्हणायची आणि ताप आला की थर्मामीटर लावायचा, एवढाच तुझा धर्म. तरी एका दुपारी ती शाळेतून येऊन तशीच झोपी गेली तेव्हा मी मुठीत मीठ-मोहरी घेऊन तिच्या उशाशी उभी राहिले. ओवाळायचं कसं, कुठून कुठे, तोंडानं काय म्हणायचं, काही येत नव्हतं. तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. तू बघत असतीस तर काय म्हणाली असतीस, या विचारानं मला लाज वाटली आणि मी मूठ तशीच मोहरीच्या डब्यात मोकळी केली. माझ्या फोडणीत अजून मीठ येतं.

पुढच्या तपासणीला तिच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी वजन बघून पेन खाली ठेवलं. "देखिए, सोमवार तक देखते हैं. और गिरा तो एडमिट करना पड़ेगा, नाक से नली डालकर फीड देंगे. कोई चारा नहीं है." हे त्यांनी तिच्यासमोर सांगितलं. त्यांचा दोष नाही, त्यांच्या बाहेर रांग होती. परतताना रिक्षात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, नली पण फसेल का?" मी नाही म्हटलं. "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, माझी आई नर्स होती. "तिनं टाकली होती कुणाला?" टाकली असणार, मी म्हटलं. "ते मूल मग घरी गेलं?" आई, मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केळं आणि पपई दह्यात फिरवून गाळून ठेवलं होतं. ती खुर्चीवर बसली, मी समोर. हसतखेळत राहायचं होतं म्हणून मी हसत होते. हनुवटीखाली हात. तिनं बोट घालून चाचपलं. चमचा भरला. वर आणला. ओठांना लावला. थांबली. चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, तू इकडे बघतेस." तिनं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं होतं.

"नाही गं, मी तुझ्याकडे बघतेय."

"नाही. गळ्याकडे. चम्मच वर आला की तू पण गिळतेस. तुझा गळा असा होतो." आणि तिनं करून दाखवलं. मान ताठ, डोळे मोठे, ओठांवर हसू, आणि घशाची घाटी वर जाऊन खाली आली. ते माझं तोंड होतं. इतकं घाबरलेलं तोंड मी याआधी पाहिलं नव्हतं. "तू असं करतेस ना, मग मला वाटतं की आता फसणारच आहे. म्हणून तू बघतेस."

मी उठले. तिला काही समजावलं नाही, सॉरीही म्हटलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते आणि तेही तिनं पाहिलं असतं. ओट्याशी गेले, नळ सोडला आणि भांडी घासायला लागले. भांडी धुतलेलीच होती. मागे काही आवाज नव्हता. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मान वळवायची नाही म्हणून मी हातातलं पातेलं सोडून ओट्याची कड धरली. आई, मी आयुष्यात पुष्कळ कामं केली आहेत, पण तिच्याकडे पाठ करून उभं राहण्याइतकं अवघड काही केलं नाही. तिथे ती गुदमरत असली तर? आवाज कसा येतो गुदमरल्याचा? येतो का आवाज? मग पुन्हा चमचा लागला. पुन्हा. मी नळ बंद केला, कारण मला मोजायचं नव्हतं, पण ऐकायचं होतं. शेवटी खुर्ची सरकली आणि ती म्हणाली, "आई, मी जाऊ खाली खेळायला?" वाटीत निम्म्याहून जास्त तसंच होतं. निम्म्याहून कमी, पण पोटात गेलं होतं. ती गेल्यावर मी जमिनीवर बसले, आणि ती वर येईपर्यंत उठले नाही.

मग मला भिंतीकडे तोंड केलेली तू आठवलीस. लगेच वाटलं, हेच, हेच ते! तुला माहीत होतं, म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतीस. दोनतीन दिवस मी हे मनात धरून होते, नवऱ्यालाही सांगितलं. पण आता शांतपणे लिहायला बसले आहे तर तुझ्यावर ते लादत नाही. तू पहाटे उठून, दिवसभर उभी राहून घरी आलेली असायचीस. तू नुसतीच दमलेली असशील. दमलेल्या माणसाला दमू द्यावं, त्याच्या पाठीत शहाणपण शोधू नये.

सोमवारी वजन तेवढंच भरलं. डॉक्टर म्हणाले, "चलो, गिरा तो नहीं. रुकते हैं." त्या एवढ्याशा वाक्यावर मी घरापर्यंत आले. सरळ चढण नव्हती ती. ती खायला बसली की मी तिच्यासमोर बसणं सोडलं. लॅपटॉप घेऊन बैठकीत बसायची, पाठ तिच्याकडे, कानाला हेडफोन, आणि हेडफोनमधून काही ऐकत नसायची. एक दिवस ती म्हणाली, "मी करते, तू नको करू." केळं तिनं स्वतः सोललं आणि काट्यानं कुस्करलं. गाळणं घेतलं नाही. मी विचारलं नाही का. तिनं केलेल्या शिकरणात मोठमोठ्या गुठळ्या होत्या, माझ्या वाटीत दिसल्या असत्या तर ती रडली असती; पण त्या तिनं केलेल्या होत्या, तिला ठाऊक होतं कोणती कुठे आहे. मग पपई किसणीवर. मग चिकू चमच्यानं खरवडून. मग एका शुक्रवारी पपईचं एक चुकलेलं काळं बी तिच्या जिभेवर आलं आणि तिनं सगळं ताटात थुंकलं. पुढचे किती दिवस पुन्हा दूध. नवरा त्या रात्री म्हणाला, "परत तिथंच." मी म्हटलं, "हो." मी पुन्हा रोज केळं, काटा आणि ताटली टेबलावर ठेवून बैठकीत जाऊन बसायला लागले. काही दिवस ते केळं तसंच राहायचं आणि संध्याकाळी मी खायची. मग एका दुपारी काट्याचा आवाज आला.

आता पोळी खाते, दुधात भिजवून. वरण-भात खाते. डाळिंबाचे दाणे अजून नाही, द्राक्ष तर नाहीच, सफरचंद मी आणत नाही. शाळेचा डबा अर्धा रिकामा येतो आणि तो अर्धा रिकामा डबा घासताना मी रोज जरा वेळ लावते. हे सगळं संपलं असं नाही. सप्टेंबर संपला तरी बिया आणि सालं यांची भीती शिल्लक होती. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, तोंडात काहीतरी टणक आलं तर ते जिभेनं बाजूला काढून बाहेर टाकता येतं, हे तिला स्वतःला समजायला हवं. पण तिला ते सांगणार कोण? माझ्या तोंडून तिला भीतीच ऐकू आली असती.

ऑक्टोबरात आमच्या गेटबाहेरच्या ठेल्यावर सीताफळं आली. इथं शरीफा म्हणतात. ती माझं बोट धरून उभी होती आणि अचानक तिनं विचारलं, "आई, तुझ्या आईला कोणतं फळ आवडायचं?" मी तोंड उघडलं आणि माझ्याजवळ काहीच नव्हतं. समोर ती हिरवी, डोळ्याडोळ्यांची फळं होती. आत मऊ, आणि जिकडेतिकडे बिया. मी म्हटलं, "हे. सीताफळ. खूप आवडायचं. आणि बिया ती अशा टुणकन् ताटलीत टाकायची, आवाज करत."

"गिळायची नाही?"

"एक पण नाही."

तिनं फळवाल्याला स्वतः सांगितलं, "भैया, दो शरीफे, पके हुए." घरी आल्यावर ती ताटली घेऊन बाल्कनीत बसली. मी बैठकीत, पाठ करून. थोड्या वेळानं ताटलीत टुणकन् आवाज आला. मग दुसरा. मग ती ओरडली, "आई! माझा आजीपेक्षा जोरात येतो!"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुझा शेवटचा पत्ता त्या क्वार्टरचा, आणि तिथं आता कुणी दुसरंच राहत असेल. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती आता बसमधल्या मैत्रिणींना सांगते, आमच्या आजीचं फळ शरीफा. तू आणायचीस ते उरलेलं असायचं, त्यात सीताफळ कधी होतं का, तेसुद्धा मला आठवत नाही. तुला काय आवडायचं हे मला माहीत नाही, आई. तू खात असताना मी कधी तुझ्याकडे बघितलंच नाही.